बदललेलं पान

प्रिय ताई,

कॉलेजच्या प्रवेशाची मुलाखत कशी झाली म्हणून तू तीनदा मेसेज केलास. मी अंगठा पाठवला. अंगठ्यावर तू खूश झालीस, म्हणून आता नीट सांगते.

तिघं बसले होते. दोन सर कॉम्प्युटरकडे बघत होते, आणि मधल्या बाई माझ्याकडे. माझ्याआधीच्या मुलीला ब्याण्णव टक्के होते, ती चार मिनिटांत बाहेर आली, हसत. मला बावन्न. बाईंनी माझा अर्ज उघडला आणि विचारलं, "तू लिहिलंयस, अभ्यासाकडे दुर्लक्ष झालं. का झालं?" असलं काही मी लिहिलंच नव्हतं ना! मी घाईघाईने बाबांचं सांगायला लागले. बारावीच्या वर्षी दिवाणखान्यात टाकलेला त्यांचा पलंग, त्यांची लुळी पडलेली उजवी बाजू, घड्याळं दुरुस्त करणारी ती बोटं चमचासुद्धा धरेनात, आई लाँड्रीत कामाला, म्हणून त्यांना कूस बदलून देणं, भरवणं, पुसणं, सगळं माझ्याकडे. बाईंनी शांतपणे पान माझ्याकडे वळवलं. "इथे तर वक्तृत्व, वाचन आणि नेतृत्वगुण आहेत. आजारपणाचा एक शब्द नाही. अर्जात एक, तोंडात एक?" एक सर हसले. फार नाही, नाकातल्या नाकात. मी खोटारडी ठरले, ताई. बाबांचं आजारपण वापरून सीट मागणारी.

साठच्या खालच्यांसाठी अर्जात ते एकच पान असतं, गुण कमी का पडले ते सांगायला. मी ते तीन दिवस लिहीत होते, खोडून खोडून. तू म्हणालीस, "दे इकडे, मी टाइप करून भरते, तुझं शुद्धलेखन म्हणजे आनंदच आहे." मी दिलं. तू ताई आहेस, ऑफिसात दिवसभर लोकांचे अर्ज चाळतेस, तुला कळतं. मुलाखतीहून घरी येताना वाटलं, हिने भल्यासाठीच केलं असेल. रडगाणं कोण वाचतं, पॉझिटिव्ह लिहावं, हे तुझं नेहमीचंच.

मग मी माझा कच्चा कागद काढून वाचला. त्यात मी रडले नव्हतेच. तारखा होत्या, औषधांच्या वेळा होत्या. आणि एक वाक्य होतं: मोठी बहीण शेवटच्या वर्षाला होस्टेलवर असल्याने चार महिने येऊ शकली नाही. एवढंच. "येऊ शकली नाही" लिहिलं होतं मी, बघ. त्याच महिन्यांतले तुमच्या ग्रुपचे डोंगरावरचे फोटो मी तेव्हाच पाहिले होते, तू लाल जॅकेटमध्ये. तरी "आली नाही" नाही लिहिलं. तुला तेवढंही झेपलं नाही. ते एक वाक्य काढता आलं असतं ना गं? नाही, काढता आलं नसतं. बाबा राहिले की कुणीतरी विचारणार, मोठी कुठे होती? म्हणून तू बाबांनाच काढलंस.

मावशी परवा म्हणाली, "एकीने डोकं घेतलं, दुसरीने हात." सगळे हसले. बाबासुद्धा, अर्ध्या तोंडाने. मीही हसले, सवय आहे.

आता हे का लिहितेय ते. आज सकाळी त्याच बाईंचा फोन आला. एक मुलगा सोडून गेलाय, एक जागा आहे. माझं बोलणं त्यांच्या डोक्यातून जाईना म्हणाल्या. पण माझ्या शब्दावर आता चालणार नाही, घरातल्या मोठ्या माणसाने लेखी द्यायला हवं, शुक्रवारी पाचच्या आत. बाबांना लिहिता येत नाही. आईला म्हटलं, तर ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "तिचं लग्न ठरायचंय, तिच्याबद्दल वेडंवाकडं मी नाही लिहून देणार." उरलीस तू. मी किती गुणी आहे वगैरे लिहू नकोस. चारच ओळी लिही: बाबा आजारी होते, धाकटी घरी होती, मी आले नाही, आणि तिचं पान मी बदललं. खाली तुझं पूर्ण नाव आणि सही. पत्ता सोबत जोडलाय. माझ्याकडे पाठवू नकोस, थेट त्यांना पाठव.

तुझीच, निदान शुक्रवारी पाचपर्यंत तरी,
धाकटी