नाव पुसलेल्या दोन काचा

आदरणीय भावोजी,

धाकट्या मेहुण्याचा नमस्कार (उभ्यानंच, कंबर धरलीय). तुमची तब्येत कशी, ताईचे गुडघे काय म्हणतात, हे विचारायला मला तोंड उरलेलं नाही, तरी रीत म्हणून विचारतो. तुमच्या गालातल्या पांढऱ्या चट्ट्याचा रिपोर्ट का येत नाही, असं तुम्ही तीनदा विचारलंत. मशीन बिघडलंय, असं मी तीनदा सांगितलं. भावोजी, मशीन धडधाकट आहे. बिघडलोय तो मी.

आम्ही लॅबवाले वर्षानुवर्षं लाकडी पट्टीनं गाल खरवडतो, निघालेल्या पेशी काचेवर पसरतो आणि काच लगेच स्पिरिटमध्ये बुडवतो. पण रविवारी तुमच्या जेवणाच्या टेबलावर मला नको ते शहाणपण सुचलं. पट्टीऐवजी मऊ टूथब्रश (पेशी जास्त निघतात, हे मात्र खरं) आणि स्पिरिटऐवजी ताईचा केसांचा फवारा! दात सोडून गाल काय घासतोस, असं म्हणालात, तरी बिचारे आ करून बसलात. तुलनेला म्हणून मी माझाही गाल घासला. फवारा इतक्या जवळून मारला की पेशी उडून टेबलावर गेल्या आणि ताईनं फडक्यानं पुसून टाकल्या. मग पुन्हा दोघांचे गाल, पुन्हा दोन काचा, आणि या खेपेला निमूटपणे स्पिरिट.

इथपर्यंत ठीक होतं हो. पण काचेवर नाव पेन्सिलीनंच लिहायचं, हा आमचा पहिला धडा. नव्यांना मीच तो दरडावून शिकवतो. तुम्ही सुतार माणूस, कानावरची पेन्सिल काढून पुढे केलीत. राहू द्या, ती लाकडावर ठीक, असं म्हणून मी खिशातलं नवंकोरं पेन काढलं. दुकानदारानं सांगितलं होतं, शाई जन्मात पुसणार नाही. स्पिरिटमधून काढल्या तेव्हा दोन्ही काचांवरची नावं धुऊन गेलेली. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

आमच्या डॉक्टरबाईंनी दोन्ही पाहिल्या. एक स्वच्छ आहे. दुसरीतल्या पेशी त्यांना आवडल्या नाहीत. ही कोणाची, असं विचारलं, तेव्हा मला पेनाची सगळी हकिगत सांगावी लागली.

फार वाईट वाटतंय, भावोजी. तुम्ही विश्वासानं तोंड उघडलंत आणि मी माझी हौस भागवून घेतली. शिव्या घाला, पण पत्र पुरतं वाचून झाल्यावर.

तुमचा अपराधी,
मेहुणा

ता. क. : सोमवारी दहा वाजता लॅबवर या. बाई स्वतः पुन्हा नमुना घेणार आहेत, जुन्या पद्धतीनं. मी कशालाही हात लावणार नाही.

आणखी एक ता. क. : चट्टा तुम्हाला, म्हणजे वाईट काच तुमचीच, असं धरून बसू नका. तुमची तंबाखूची डबी दोनदा खिडकीबाहेर फेकणारा मी, चार वर्षं जिन्याखाली उभा राहून तीच मळतोय. चट्टा मलाही आहे. ताईला ठाऊक नाही, कुणालाच नाही. बाईंनी दोघांनाही बोलावलंय आणि मी दोनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आलो. स्वतःसाठी येणार नसलात तर नका येऊ, पण माझ्या शेजारी बसायला तरी या.