फोमच्या विमानाचं सुकाणू

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. मी रागावलेलीच आहे, आणि आज ते सांगणार आहे.

ते फोमचं विमान तुम्हीच मला दिलं होतं. नववीत मी प्रयोगशाळेतला बंद पडलेला रेडिओ चालू करून दाखवला, त्याचं बक्षीस. हाताने फेकायचं खेळणं. सुटलं की सरळ जायचं आणि बाभळीत अडकायचं. ते मी म्हणेन तिकडे वळावं, एवढाच माझा हट्ट. मामांनी मुंबईहून भावाला आणलेली रिमोटची मोटार त्याने आठवड्यात मोडली होती. तिच्यातला रिसीव्हर आणि चाकं वळवणारं, मध्ये चुंबक असलेलं तारेचं वेटोळं मी काढून घेतलं. शेपटीचा उभा पंख ब्लेडने कापला, चिकटपट्टीची बिजागरी करून परत बसवला आणि झाडूच्या काडीने वेटोळ्यातल्या चुंबकाला जोडला. मी स्वयंपाकघरातच तारांना कथलाचे डाग देत बसायची आणि आई ओरडायची, ‘भाजीले वास लागते तुया त्या धुराचा!’ सगळं बसवल्यावर शेपूट जड होऊन विमान शेपटीवरच बसू लागलं. सेल थोडे थोडे नाकाकडे सरकवण्यात माझा सबंध उन्हाळा गेला.

शाळेच्या गच्चीवरून सोडलेलं विमान कडुनिंबाला वळसा घालून मैदानात उतरलं, त्या दिवशी तुम्ही अनवाणी पळत आलात. ‘अवं पोरी, हे तं खरंच वळून राह्यलं!’ तुमचा तो चेहरा मला खोटा वाटत नाही, म्हणून तर पुढचं जास्त लागलं. आठच दिवसांनी वर्ध्याच्या विज्ञान प्रदर्शनाच्या अर्जावर माझ्या वर्गातल्या एका मुलाचं नाव होतं.

‘काऊन सर?’ मी विचारलं.

तुम्ही वहीतून मानही वर केली नाहीत. ‘तिथं मुक्काम पडते. पोरीले कोण पाठवते? नाव शाळेचंच होते ना शेवटी. त्याले सगळं शिकवून दे.’

कोण पाठवते? विचारलंत कुणाला? माझे बाबा आर्वीच्या एस.टी. आगारात मेकॅनिक. त्यांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, ‘विमान तुयं आन् उडवणार तो? चाल, पाहून तं येऊ.’ सकाळच्या पहिल्या गाडीने आम्ही निघालो, संध्याकाळी घरी परत. मुक्काम पडला नाही, सर. पडणारही नव्हता.

अजून दिसतं मला. मी मंडपाच्या दोरीबाहेर उभी आहे, बाबांचा हात माझ्या खांद्यावर आहे. तो मुलगा स्टेजवरून विमान सोडतो. ते छान वळतं, लोक टाळ्या वाजवतात. मग ते परत आमच्या दिशेने येऊ लागतं आणि एकाएकी भलत्याच बाजूला जाऊन मंडपाच्या लोखंडी खांबावर आपटतं. पंखाचे दोन तुकडे. तुम्ही गर्दीत मला हेरलंत आणि परीक्षकांच्या देखत बोट दाखवलंत. ‘वजन बराबर बसवलं नाई तू!’

विमान उडत होतं तोवर मी कुठेच नव्हते, पडलं तेव्हा बरी आठवण झाली. वजन बरोबर होतं. गुंजभरही चूक नव्हती. बाबा पुढे झाले आणि शांतपणे म्हणाले, ‘सर, मले एकदा विचारलं असतं तं?’ तुम्ही पंखाचे तुकडे उचलायला वळलात. मी पुढे पॉलिटेक्निक केलं, टेलिफोनची यंत्रं दुरुस्त करण्यात नोकरी घालवली, तरी प्रत्येक वेळी काम तपासताना तुमचं ते वाक्य कानात वाजायचं.

तुम्ही हयात असतात, तरी हे पत्र पेटीत टाकायचं धाडस मला झालं नसतं. कारण त्या मुलाला मी तीन दुपारी शिकवलं. सेल कसे लावायचे, कसं फेकायचं, बटण किती वेळ दाबायचं. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. ते तेवढं मी त्याला सांगितलं नाही. विसरले नव्हते, सर.