बावीस वारांचं खळं

वडनेर भोलजी, जि. बुलढाणा
माघ वद्य सप्तमी, सन १९६४

चिरंजीव सहदेव यास झुंबरबाई आजीचा तोंडभरून आशीर्वाद. इकडे समदे जागच्या जागी आहेत. तुह्या मायले थंडीनं खोकला धरला होता, तो आता सोडून राह्यला. माह्ये गुडघे माह्याशी बोलत नाहीत, पण कुरकुरतात, म्हंजे जिते आहेत. काळ्या म्हशीले पारडी झाली. तुही तब्येत कशी आहे ते नीट लिव्ह. "मजेत आहे" असं लिहू नको. ते तू तापात पडला होता तवाही लिहिलं होतं.

पाकीट उघडल्याबरोबर तुह्ये डोळे मोठे झाले असतीन. हे अक्षर शाळेच्या मास्तरीणबाईचं, सिंधूताईचं नाही. त्या बहिणीच्या बाळंतपणाले लोणारले गेल्या आहेत, आठ दिवसांनी येतीन, आन् आठ दिवस वाट पाहाचं वय माह्यं राह्यलं नाही. म्हणून हे पत्र तुहा बाप लिहून राह्यला. हाव, तुहा बापच. तू मुंबईले गेल्यापासून तीन वर्सं झाले, त्यानं तुह्यं नाव तोंडातून काढलं नाही. "तो मुंबईवाला" म्हणते. आन् आज त्याच हातानं वरती तुह्यं नाव लिहावं लागलं. मी त्याले सांगितलं, रामराव, तुले बोलाचं नाही ना, नको बोलू, बोलणारी मी आहे, तू फक्त लिव्ह. मायचा शब्द मोडता येत नाही म्हणून बसला आहे, भिताडाकडे तोंड करून. (कंसातले शब्द माझे आहेत. उजेड त्या बाजूने येतो म्हणून तिकडे तोंड आहे. — रामराव.) मी थांबली तरी पेन काऊन चालून राह्यला होता, ते मले समजलं नाही. असो, त्याचंही काही असन.

तुह्यं मागचं पत्र सिंधूताईनं मले दोनदा वाचून दाखवलं. मी विचारलं होतं की बाप्पा, किरकेटच्या पाच दिवसांच्या म्याचीसाठी तू जे बावीस वार जमीन करतं ते चांगलं झालं हे ओळखाचं कसं, आन् तू मोठं झाक सांगितलं. पह्यल्या दिवशी सकाळी पट्टी थोडी ओली असते, तवा जोरात फेकणाऱ्याले काही भेटलं पाह्यजे. मंग दोन दिवस मारणाऱ्याचे. चौथ्या दिवशी वरची साय फाटते, पाचव्या दिवशी भेगा पडतात, तवा हळू फेकून चेंडू फिरवणाऱ्याची पाळी. म्हंजे पंगतीतल्या वाढप्यावाणी काम आहे तुह्यं. कोणाले उपाशी ठेवाचं नाही, पण पह्यल्याच पानावर समदे लाडू संपवाचे नाहीत. पाणी पोटात पाह्यजे, वर कोरडं पाह्यजे. हे मले पटलं. माणसाचंही तसंच बरं असते. (मजकूर लांबतो आहे.) पण त्याच्या पुढं तू लिहिलं की पट्टी खरी चांगली झाली तं तिचं नाव पाच दिवस कोणी काढत नाही, नाव निघते ते बिघडल्यावरच, हे मले आधी कळतं तं बरं झालं असतं. मी येडी तुह्या म्याचीचे पाचही दिवस ग्रामपंचायतीच्या रेडिओजवळ तुरी निवडत बसली, की आता माह्या नातवाचं नाव घेतीन, मंग घेतीन.

सरपंच भगवंतरावाले इंग्रजी येते, निदान तो तसं म्हणते. मी त्याले पह्यल्याच दिवशी सांगितलं, खेळणारे कोण, किती रना झाल्या, हे तू तुह्यापाशी ठेव, मले फक्त जमिनीचं काय म्हणून राह्यले तेवढं सांग. दर घटकेले मी विचारे, काय म्हणते जमीन. तो म्हणे, काही नाही म्हणत आजी. तिसऱ्या दिवशी रेडिओवाल्यानं म्हटलं म्हणे की पट्टी चांगली आहे, मी तिथं बसलेल्या समद्याईले गूळ वाटला. पाच दिवस झाल्यावर कोणीच हरलं नाही, कोणीच जिंकलं नाही. मले ते पसंत पडलं नाही. पाच दिवस बैल फिरवून दाणा नाही निघाला तं मळणी केली काऊन? पण भगवंतराव म्हणे असंच असते, म्हणून तुरी उचलून घरी आली.

आता या पाच दिवसाची एक गंमत लिव्ह म्हटलं तं तुहा बाप पेनाले शाई नाही म्हणते. शाई आहे. तुले माहीतच आहे, ग्रामपंचायतीच्या ओट्याले लागून ढोराईचा हौद आहे. आपल्या बैलाईले घरी पाणी असताना तुहा बाप त्याईले दिवसातून तीनदा, चारदा त्या हौदावर नेऊन राह्यला होता. बैल पाणी पाहून तोंड फिरवे, तरी हा शिटी मारत उभा. डोळे बैलाकडे, कान रेडिओकडे. बैलाचं पोट नगाऱ्यावाणी झालं. मधात एक दिवस खेळाले सुट्टी होती, त्या दिवशी बैलाईले तहान लागली नाही. (हौदाचे पाणी गोड आहे. सुट्टीच्या दिवशी मला वावरात काम होते.)

आता मुख्य कांडाकडे येते. गावच्या पोट्ट्याईनं मलकापूरच्या टीमले मागच्या ऐतवारी खेळाले बोलावलं होतं. शाळेमागच्या मैदानावर खड्डे, म्हणून चौघंजणं घरी आले आन् तुह्या बापाले म्हणे, काका, तुमचा सहदेव मुंबईले एवढ्या मोठ्या म्याचीची पट्टी करते, तं आपल्या गावाची तुम्हीच करून द्या. मले वाटलं आता हा त्याईले हाकलते. पण सहदेव काय करते हे मले माहीत नाही, असं म्हणाले त्याची जीभ उचलली नाही. दारातच उभा राहून म्हणे, किती लांब पाह्यजे. ते म्हणे बावीस वार. हा म्हणे, होऊन जाईन.

मंग सुरू झालं. कासऱ्यानं जागा मोजली, खणली, गावठाणाची पांढरी माती आणून काळीत मिसळली, पाणी सोडलं, पाय उमटन पण चिकटणार नाही इतकं वाळू दिलं, आन् वरून बैल फिरवले. मी खाटेवर बसून देखरेख केली. शेणात भुशाचं बारीक कुटार कालवून असं सारवलं की भाकर टाकून खावी. आयुष्यभर ज्यानं जवारीचं खळं केलं त्याचे हात दुसरं काय करतीन? पण त्या हाताईनं एक काम जास्तीचं केलं. खळं झालं की मधोमध मेढ रोवतात, तिच्याभोवती बैल फिरतात. तं तुह्या बापानं त्या बावीस वाराच्या बरोब्बर मधात, कंबरभर उंच, बाभळीची मेढ रोवून दिली, हळदकुंकू लावलं, आन् घरी येऊन जेवला. ना त्याच्या ध्यानात आलं, ना माह्या. मी तं वरून म्हटलं, मेढ सरळ बसली.

ऐतवारी सकाळी मलकापूरवाले पांढरे कपडे घालून उतरले आन् मेढीकडे पाह्यतच राह्यले. त्याईच्यातला कप्तान मोठा सभ्य. त्यानं विचारलं, हा खांब खेळताना राहणार आहे का. आपले पोट्टे मेढ उपटाले धावले तं तुहा बाप आडवा झाला. दाणा मळल्याबिगर मेढ निघत नाही, त्यानं सांगून टाकलं, आन् त्यात मी त्याच्या बाजूनं. कोरी मेढ उपटली असं आपल्या घराण्यात कधी झालं नाही. मंग भगवंतरावानं तोड काढली. आपल्या वावरातून जवारीचा एक भारा आणला, पट्टीवर पसरला, बैल जोडले, मळणी केली, पायलीभर दाणा निघाला, त्याची पूजा झाली, नारळ फोडला, मंग मेढ काढली. मलकापूरवाले लिंबाखाली रांगेनं बसून पाहत होते. खोबरं त्याईलेही दिलं.

मेढ निघाली, तिथं गड्डा राह्यला. त्यात माती भरून वरून शेण लावलं, ते ओलंच. आन् खळ्यात जोडा घालून जात नाहीत, म्हणून मी काठी घेऊन उभी राह्यली आन् बावीस जणाईले जोडे काढाले लावले. माह्यं चुकलं असन तं सांग. खेळ सुरू झाला तं जिथं बडवलेली जमीन तिथं चेंडू कानाजवळून जाये, आन् मधात पडला की शेणात बसे. बसे म्हंजे बसूनच राहे. मारणारा दांडकं उचलून वाट पाहे, मंग निमूट अनवाणी चालत चेंडूपाशी जाये, तवर मागचे खांब कोणीतरी पाडून टाके. आपले एकोणीस झाले, त्याईचे सतरा. म्याच जेवणाच्या आधीच आटोपली, रस्सा अजून चुलीवर होता. पाच दिवसाचं सोड, पाच घटकाही टिकली नाही. आपले पोट्टे जिंकले म्हणून नाचले, तुह्या बापाले खांद्यावर घ्याले आले. हा त्याईच्यातून निघून गेला.

दिवस मावळाले मी पाहाले गेली तं हा एकटाच पट्टीजवळ उकिडवा बसलेला. मातीवर हात पालथा ठेवून. मी काठी टेकत जवळ गेली. माह्याकडे न पाहता म्हणे,

"माय, पाच दिवस कसं टिकवत असन तो?"

इथं पेन थांबला आहे. मी म्हटलं लिव्ह. तो म्हणे हे कशाले. मी म्हटलं, याच्यासाठीच तं तुले बसवला, बाकीचं मी सिंधूताईकून लिहून घेतलं असतं. (लिहिले.)

सहदेव, तू गेला तवा यानं तुले म्हटलं होतं की दुसऱ्याच्या खेळासाठी माती मळाले चालला, घरच्या मातीत काय किडे पडले का. आन् तू म्हटलं होतं, तुमाले माती कळते, माणूस कळत नाही. दोघाईचंही मले पाठ आहे, मी अडाणी बाई, मले पाठच करावं लागते. पण आणखी एक सांगते. तू होता तवा खळं बडवाले दोन चोपणे असत, एक याचं, एक तुह्यं. मी रांधता रांधता ऐके. याचं पडे, मंग तुह्यं पडे, मंग याचं. आता तीन वर्सं झाले, एकच पडते. एक पडलं की मधात जागा राहते. मातीले ते समजत नसन. मले समजते. माहा कान त्या जागेत जाऊन बसते आन् दुसरं चोपणं पडाची वाट पाहते, तवर पुन्हा पह्यलंच पडते. यालेही ते ऐकू येत असन, कारण मधात मधात तो थांबून राहते, उगीच, हात वर धरून. (हात दुखतो.)

तुह्या मायनं जवसाची चटणी बांधली आहे, कोणी मुंबईले जाणारं भेटलं की धाडते. लिंबू खात जाय. पावसात उभा राहू नको, पट्टीले झाकतात तसं कोणी तुले झाकत नाही. लहानाईले आशीर्वाद, तुह्या मैदानाच्या मोठ्या माळीबुवाले रामराम सांग.

तुही आजी
झुंबरबाई (हिचा अंगठा. शाई जास्त लागली.)

ता.क. आता खरं काम सांगते. तुह्ये पत्रं माह्या नावानं येतात, तवा पोस्टमन माह्या हाती देते आन् तुहा बाप ढोराईच्या कोठ्यात निघून जाते. पुढचं पत्र रामरावाच्या नावानं टाक. मले खुशाली नाही लिहिली तरी चालन. पाच दिवस कसं टिकवतं ते त्याले लिव्ह, सवालाचा जवाब म्हणून. बापाले पत्र लिहिलं असं होत नाही, एका खळेवाल्यानं दुसऱ्याले लिहिलं, एवढंच.

ता.क. दुसरं. अर्धा कागद कोरा राह्यला म्हणे. मी धार काढाले चालली. कोरा कागद धाडणं बरं दिसत नाही, उरलेलं हा भरीन. काय भरते ते मले वाचता येत नाही, आन् सिंधूताईलेही मी विचारणार नाही.

ता.क. तिसरे. आई धार काढायला गेली. पट्टीला तिसऱ्या दिवशीच बोटभर भेगा पडल्या. पाणी कमी दिले की जास्त दिले ते समजत नाही. पांढरी माती निम्मी घातली होती. मूठभर पुडीत बांधून पाठवणार होतो, पण पोस्टात ती सुकून जाईल आणि सुकलेली माती काही सांगत नाही. जागेवर बसून पाहावी लागते. गव्हाचे खळे महिन्याभराने करायचे आहे. तोपर्यंत तुमच्याकडचे मोठे सामने संपतात असे भगवंतराव म्हणाले. मी विचारले नव्हते, ते आपणहून म्हणाले. कोणत्या गाडीने उतरशील तेवढे कळव. मलकापूरच्या स्टेशनावर बैल फार वेळ उभे राहत नाहीत.

रामराव