टाकीतली खडी बदलताना

आई, आज तिसरा रविवार. टाकीतली उरलेली खडी काढली आणि काम संपलं. तू असतीस तर म्हणाली असतीस, एवढ्याशा खडीला तीन आठवडे? पण घाई करायची नाही, हे मी आधीच ठरवलं होतं. माझ्याकडे तळाशी चरणारे चार मासे आहेत, मिशीवाले. खडी टोकदार निघाली, त्यांच्या मिशा झिजायला लागल्या, म्हणून बारीक वाळू घालायची होती. सगळं एकदम उपसलं तर तळाची घाण पाण्यात उठते, आणि पाणी चांगलं ठेवणारे, डोळ्यांना न दिसणारे जिवाणू खडीबरोबर बाहेर जातात. म्हणून दर रविवारी थोडी थोडी. आधी नळीनं गाळ ओढायचा, मग वाटीनं खडी काढायची, आणि साध्या पाण्यात धू धू धुतलेली वाळू हळूच सोडायची. तोवर मासे दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन थांबतात. आज थोडी जुनी खडी त्या जिवाणूंसाठी फडक्यात बांधून टाकीतच ठेवली आहे, महिनाभर राहू देईन.

वर्ध्यातल्या या दोन खोल्यांत मी एकटाच असतो. लग्न जमता जमता राहिलं ते राहिलंच. ऑफिसातून आलो की कुलूप काढतो, टाकीचा दिवा लावतो आणि चहा घेऊन समोर बसतो. शनिवारी दुपारी ऑफिसातून निघाल्यापासून सोमवारपर्यंत कोणाशी बोलणं झालं नाही, असंही होतं. मग साहेब काय म्हणाले, भाजीवाली कशी वसकन अंगावर आली, हे माशांना सांगतो. सांगताना तुझी आठवण येते आणि लाज वाटते.

सिंदीचं घर. तू ज्या दवाखान्यात झाडपूस करायचीस तिथले डॉक्टर नागपूरला गेले आणि जाताना टाकी तुला देऊन गेले, तीन सोनेरी माशांसकट. बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. संध्याकाळी तू येतेस, कपबशी घेऊन टाकीपुढे पाटावर बसतेस आणि म्हणतेस, "दिवसभर लोकाईचं ऐकलं, आता तुमी माह्यं ऐका." मी चौदा वर्षांचा. आई माशांशी बोलते हे मित्रांना कळलं तर, या धास्तीनं मी बाहेर सटकतो. घरात ऐकणारा दुसरा कोणीच नव्हता, आई, आणि जो होता तो मैदानावर होता.

मग दिवाळी आली. डबे, फळ्या, देव, सगळं तू घासून काढलंस. राहिली होती फक्त टाकी. तू कामाला गेल्यावर मी मासे बादलीत काढले आणि धुण्याचा सोडा घेऊन काच, खडी, गाळणी, सगळं खसाखसा घासलं. नळाचं ताजं पाणी भरलं. तू आलीस, टाकी बघितलीस, माझ्या डोक्यावरून हात फिरवलास. "चकाचक केली न माह्या पोरानं." दुसऱ्या दिवशी तू दाणे टाकून गेलीस, आणि दुपारी मासे उलटे तरंगत होते.

"काऊन रे, कशानं धुतली होती?" तू विचारलंस.

"साध्या पाण्यानं," मी म्हणालो.

तू दाण्यांची डबी उचलून बघितलीस. "मंग माह्याच हातानं दाणे जास्त पडले असन. घाईत होती मी."

तीन मासे तू अंगणात सीताफळाच्या बुडाशी पुरलेस. शेजारीण विचारायची, "काऊन वं, टाकी रिकामी?" तू सांगायचीस, "म्याच मारले न, लय चारलं." कोणी मासे आणून देतो म्हटलं तरी तू नको म्हणायचीस, आपल्या हाताचा भरवसा नाही म्हणून. टाकीत लसूण ठेवायला लागलीस. चहा दाराकडे तोंड करून, न बोलता प्यायचीस. ते मी रोज बघत होतो. आज कळतं की सोडा नसता तरी एकाच दिवसात इतकी धुलाई माशांना सोसली नसती. पण सोडा होता, आणि तो मी घातला होता. तू गेलीस त्यालाही पंधरा वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात तुझ्या उशाशी बसलो होतो, तेव्हाही बोललो नाही.

हे पत्र टाकणार कुठे? वहीतच राहील. पण लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणानं. महिन्यापूर्वी वाळू घ्यायला गेलो तेव्हा दुकानदारानं सहज विचारलं, "काकाजी, आंधी कधी मासे पाळले होते का?" तू नव्हतीस, विचारणारा अनोळखी होता, खरं सांगितलं असतं तर माझं काहीही बिघडणार नव्हतं. मी म्हणालो, "आईनं पाळले होते. तिच्या हातानं दाणे जास्त पडले, मेले सगळे."