इराचा पास

श्री. अनिमेष यांस,

तुम्ही अमेरिकेत त्यांचा तो फुटबॉल खेळून आलात, म्हणून मुलींच्या क्लबने मला काढून तुम्हाला कोच केलं. ठीक आहे. मी पुण्याचा क्रिकेटवाला. तो लांबट बॉल हातात धरायला यूट्यूबवर शिकलो. पण इथे सिंगापुरात, पुंगोलला आमच्या ब्लॉकखालच्या गवतावर इराला क्वार्टरबॅक मी केलं. टीमचे सगळे पास टाकणारी माझी मुलगी तुम्हाला आयती मिळाली.

बाउंड्रीवरून स्टंप उडवतात तसं मी तिला शिकवलं होतं: नेम धर आणि फेक. तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात, "झेलणारी मुलगी उभी आहे तिथे नको, पोचणार आहे तिथे टाक." तेव्हापासून इराचे पास चुकत नाहीत. मी पालकांच्या घोळक्यात बर्फाचा डबा सांभाळत उभा असतो आणि प्रत्येक पासला मनात म्हणतो, पड.

काल इरा म्हणाली, "बाबा, आज तू टाक, मी पळते." मी नेम धरून टाकला. ती केव्हाच पुढे गेली होती. बॉल रिकाम्या गवतावर पडला. तिने तो उचलून माझ्या हातात दिला. "नेव्हर माइंड लाह, बाबा. कोच टाकतील."

लहानपणी तिचा बॉल चुकला की मी याच आवाजात तिची समजूत काढायचो.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. रविवारी इराला वेळेवर सोडतो.

जगदीश
(बर्फाचा डबा)