श्रावणातल्या चिकन थाळीचा अंदाज

२१ जुलै, सोमवार

प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावून सुनावलं — "बाई, एआय घालून अर्थशास्त्र शिकवता ना? मग पुढच्या आठवड्यात, बुधवारी कॅन्टीनमध्ये किती चिकन थाळ्या खपतील ते आधी सांगून दाखवा. जमलं तर तुमचा विषय चालू. नाही तर सकाळी सातचं पर्यावरण घ्या."

सातचं पर्यावरण! त्या वर्गात पंखासुद्धा झोपलेला असतो. मी मेले तरी घेणार नाही.

२३ जुलै

श्रेया आणि मयूर, माझी टीवायची दोन हुशार कार्टी, दीपकच्या कॅन्टीनच्या विक्रीचे आकडे घेऊन आली. सगळे मशीनला भरवले. मशीन म्हणतं, बुधवारी थाळ्या तुफान जाणार.

मी पोट धरून हसले. अरे गाढवा, हा गटारीचा आठवडा! दीपकने भाव वाढवला तरी लोक तुटून पडलेत. मागणीचा नियम धाब्यावर. शुक्रवारी श्रावण लागला की परळमध्ये कोण चिकन खातंय?

"मशीनला श्रावण माहीतच नाही, मॅडम," मयूर म्हणाला. मग मीच शिकवला. आकडा हाताने खाली ओढला, थेट शून्यावर.

श्रेया कुरकुरली. "असं हाताने करायचं नसतं. तुम्हीच सांगितलंत." मी डोळे वटारले. कडक श्रावण पाळणाऱ्या घरची सून आहे मी. मला काय सांगते!

२५ जुलै

श्रावण लागला. डब्यात दुधी.

२८ जुलै

दुधी. सासूबाई म्हणतात, पोटाला थंड.

२९ जुलै

आज पडवळ होतं. चव दुधीचीच.

३० जुलै, बुधवार

सकाळी प्राचार्यांसमोर फळ्यावर मोठ्ठं शून्य काढलं. काय तो माझा रुबाब!

दुपारी कॅन्टीनला गेले तर रांग जिन्यापर्यंत. अख्खं ऑफिस, अख्खा मराठी विभाग, आणि काल मला उपवासाचं महत्त्व सांगणाऱ्या लायब्ररीतल्या नलूताईसुद्धा. दीपकला धरलं. हा काय प्रकार? तो थंडपणे रस्सा वाढत म्हणाला, "श्रावण घरात असा मॅडम, कॅन्टीनात नाय. घरात गावणा नाय म्हणान सगळे हय येतत."

म्हणजे मशीन बरोबर. गाढव मी. विषय गेला, सातचं पर्यावरण आलं. रडूच यायला लागलं.

मग म्हटलं, बुडालोच आहोत तर उपाशी कशाला? एक थाळी घेतली आणि कोणी बघू नये म्हणून खांबामागच्या टेबलावर गेले. तिथे आधीच कोणीतरी भिंतीकडे तोंड करून तंगडी चोखत होतं. वळून बघितलं त्यांनी. प्राचार्य!

त्यांनी लिंबाची फोड माझ्याकडे सरकवली.

३१ जुलै

प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं — "बाईंचा अंदाज अचूक. काल चिकन कोणीच खाल्लं नाही. विषय चालू राहील." टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, नलूताईंनी जरा जास्तच.

श्रेयाने हळूच विचारलं, "मॅडम, मशीनला कालचा आकडा काय सांगू?"

म्हटलं, शून्य.