चकती दिसेनाशी होईपर्यंत

४ ऑक्टोबर
सामान लागलं. दोन खोल्या, एक प्रयोगशाळा, खिडकीखाली तलाव. पाणी पोपटी, दाट. काम मनासारखं: हे आजारी पाणी वर्षभर तपासायचं. नावाडी मला डॉक्टर म्हणतो. मी सांगितलं, माझी पदवी शेवाळातली. तर म्हणतो कसा, मग शेवाळ जीभ दाखवतं का? बायको खळखळून हसली. आमची छोटी गेल्यापासून पहिल्यांदाच. इथे आलो ते बरं झालं.

९ ऑक्टोबर
रोज सकाळी होडीतून पांढरी चकती दोराने पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी झाली की थांबायचं. जेवढा दोर भिजला, तेवढं पाणी नितळ. खरं तर दोघांनी पाहायचं असतं. माझ्या चष्म्यावर चकाकी येते, म्हणून बायको एकटीच वाकते, मी दोर सोडतो. आज हातभर गेला नाही तोच ती थांब म्हणाली.

२० ऑक्टोबर
चकती पुरुषभर खाली गेली, तरी ती म्हणते, सोड अजून. तलाव सुधारतोय! वरिष्ठांना कळवून टाकलं. नावाडी कुरकुरला, तुमचं पांढरं ताट केव्हाच दिसेनासं झालं साहेब, वहिनींची नजर म्हणजे घारीची.

२३ ऑक्टोबर
थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. शेवाळ तेवढंच. उलट जास्तच. मासे वर येऊन तोंडं उघडताहेत, खाली प्राणवायू उरलेला नाही. मग हिला दिसतं काय?
विचारलं. चकती नाही दिसत, म्हणाली. ती धरलेला हात दिसतो. छोटीचा.
छोटीने प्राण सोडला तो दवाखान्यात. कुठल्याही पाण्यापासून कितीतरी लांब. मीच तिला उचलून घरी आणलं होतं.

२७ ऑक्टोबर
बायकोला होडीत नेणं बंद केलं. भांडली नाही. एवढंच म्हणाली, दोर कमी पडतो रे. नावाडीही येईनासा झालाय. म्हणतो, दोर वर घेताना खालून ओढ लागते.

३० ऑक्टोबर
जेवून जरा लवंडलो. उठलो तर ती घरात नाही. होडी तलावाच्या मधोमध. रिकामी. दोर ताठ.

१ नोव्हेंबर
पाणबुडे म्हणाले, तळ दोन पुरुष खोल. चिखल आहे. बाकी कोणी नाही.
दोर त्याच्या तिप्पट. सगळा आत गेला होता.

५ नोव्हेंबर
मी वाकून पाहिलं. हिरवं. नुसतं हिरवं. त्या दोघी खाली, आणि मला शेवाळ —

६ नोव्हेंबर
होडीतच लिहितोय. आज दिसला. हात.
छोटीची करंगळी वाकडी होती, जन्मापासून. ही सरळ. आणि बोटं — नको, मोजायला नको —
ही छोटी नव्हे.
मला बघताक्षणी कळलं. तिच्या आईला तर पहिल्याच सकाळी कळलं असणार. तरी रोज वाकली. तरी ती —